पिशवी काढण्याचं दुर्बिणीचं पॅकेज: काय मिळतं, काय सुटतं

गर्भपिशवी काढायची ठरली की हल्ली हातात पहिला कागद पडतो तो पॅकेजचा. ‘दुर्बिणीतून पिशवी काढणे, दोन दिवस खोलीभाडे, भूलतज्ज्ञांची फी धरून; औषधे व रक्त वेगळे.’ शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलपासून तालुक्याच्या नर्सिंग होमपर्यंत मजकूर साधारण हाच, आकडा तेवढा बदलतो. घरची माणसं दोनच प्रश्न विचारतात: खर्च किती आणि टाके किती. या दोन्हींची उत्तरं कागदावर असतात. इथे विचार करायचा आहे तो कागदावर नसलेल्या गोष्टींचा.

मत आधीच सांगायचं तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही चांगली सेवा आहे. सरावलेल्या हातात तर फारच चांगली. पोट उघडण्याच्या मानाने रक्त कमी जातं, जखम कमी पिकते, बाई त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालती होते. पण सगळ्यांत जास्त खपते म्हणून ती प्रत्येकीला योग्य ठरत नाही. शिवाय तिचे मोठे धोके पोटावरच्या चार भोकांत दिसत नाहीत. ते आत असतात: मूत्रवाहिनी, आतडं आणि योनीच्या वरच्या टोकाची शिवण. दवाखाना निवडायचा तो या तीन जागा कशा सांभाळतो हे पाहून.

त्याआधीची पायरी म्हणजे पिशवी काढायची खरंच गरज आहे का. ‘पिशवीला सूज आहे’, ‘आज नाही काढली तर उद्या कॅन्सर होईल’ ही वाक्यं म्हणजे निदान नव्हे. नुसतं पांढरं जाणं आणि कंबर दुखणं हे पिशवी काढण्याचं कारण होत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला की खाडा कापला जातो. त्या गणितात पिशवी गेली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

म्हणून पॅकेजच्या आधी फाइलमध्ये हे कागद हवेत: योनीमार्गे केलेली सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची पॅप तपासणी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे अंगावरून जास्त किंवा अवेळी जात असेल तर पिशवीच्या अस्तराची बायोप्सी हवीच. बायोप्सी न करता दुर्बिणीची तारीख देणारा दवाखाना इथेच बाद करावा. आत लपलेला कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर कळला तर दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया पुढे उभी राहते.

गोळ्या आणि तांबीचा पर्यायही मनापासून वापरून पाहिलेला असावा. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्त जाण्याच्या दिवसांपुरत्या, साधारण चार दिवस घ्यायच्या असतात. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल तर मात्र घ्यायच्या नाहीत. महिनाभर दिवसाला एक गोळी घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणणं म्हणजे औषध पुरेसं घेतलेलंच नाही. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची हार्मोनवाली तांबी, म्हणजे मिरेना आणि तिच्यासारख्या इतर, अति रक्तस्रावावर फार चांगली चालते. पहिले तीन ते सहा महिने मात्र मधूनमधून थेंब-थेंब जात राहतं, आणि नेमकी याच काळात ती कंटाळून काढली जाते. हे बसवतानाच सांगितलं नसेल तर दोष तांबीचा नाही. पॉलिप किंवा पिशवीच्या पोकळीत आलेली छोटी गाठ योनीमार्गे दुर्बीण घालून तेवढीच काढता येते.

काढायचीच ठरली तर मार्ग कोणता? ज्याला लोक ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणतात ते म्हणजे योनीमार्गाने पिशवी काढणं. टाके त्यातही असतात, दिसत नाहीत इतकंच. पोटात गॅस भरावा लागत नाही, वेळ कमी लागतो, महागडी हत्यारं लागत नाहीत, कमरेखालच्या भुलेत काम होतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये साध्या, कॅन्सर नसलेल्या आजारांत शक्य असेल तेव्हा हाच मार्ग पहिल्या पसंतीचा ठरवला. आपल्याकडे तर याची मोठी परंपरा आहे. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी खाली न उतरलेली पिशवी आणि आधी सिझेरियन झालेलं असतानाही हा मार्ग वापरून दाखवला आणि शिकवला. तरी पॅकेजच्या यादीत तो शेवटी असतो किंवा नसतोच, कारण अरुंद जागेत हाताने करायचं हे काम नव्या डॉक्टरांना कमी शिकायला मिळतं आणि त्याचं बिलही लहान होतं. पिशवी १२ आठवड्यांच्या गरोदरपणात असते तेवढी किंवा त्याहून लहान असेल, थोडी हलती असेल, नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल, तर ‘खालून का नको?’ हे स्पष्ट विचारा. ‘आम्ही तसं करत नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे. मग करणाऱ्याकडे जाऊन दुसरं मत घ्या.

अंग बाहेर येत असेल आणि वय कमी असेल तर पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याचाही मार्ग आहे. गोव्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांच्या नावाची अशी पट्टीची शस्त्रक्रिया आहे. गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे जगाला ठाऊक असलेले शिरोडकर ते हेच.

खालून काढणं अवघड ठरतं तिथे दुर्बीण उजवी: पिशवी मोठी, दोन-तीन सिझेरियनमुळे पोटात चिकटलेली, एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), बीजांडकोशात म्हणजे अंडाशयात गाठ. फारच मोठ्या गाठी असतील किंवा पिशवी अखंड काढणं गरजेचं असेल तर पोट उघडणंच शहाणपणाचं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नये. आत रक्त जात असताना किंवा काही दिसत नसताना हट्टाने दुर्बीण चालवणं जास्त घातक. त्या परिस्थितीत पॅकेजची रक्कम कितीने वाढेल, हे मात्र आधी लेखी घ्यावं. रोबोटबद्दल एवढंच: साध्या आजारासाठी तो दुर्बिणीपेक्षा बाईला जास्त काही देतो असं सिद्ध झालेलं नाही, बिल मात्र मोठं येतं.

आता आतल्या तीन जागा.

मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर जाड. गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर ती गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून जाते, आणि पिशवी सुटी करताना नेमकी हीच रक्तवाहिनी जाळून कापायची असते. पडद्यावर मूत्रवाहिनी पांढुरकी दिसते. हत्याराच्या टोकाने हलकेच डिवचली की गांडुळासारखी आकसून लाट पुढे ढकलते. रक्तवाहिनी तसं करत नाही. सरावलेला सर्जन ती वळवळ आधी पाहतो, मग करंट देतो. खालून लावलेल्या कपाने पिशवी जोर लावून वर ढकलून धरली की कापण्याची जागा मूत्रवाहिनीपासून दूर जाते. मदतनिसाचा हात थकून कप सैल पडला की ते अंतर कमी होतं. म्हणून कप धरणारी व्यक्ती कोण, तिला सराव किती, यालाही महत्त्व आहे.

इजा तीन तऱ्हांची होते. नळी कापली जाते, टाक्यात बांधली किंवा मुरडली जाते, नाहीतर उष्णतेने भाजते. पहिल्या दोन टेबलावरच सापडू शकतात. त्यासाठी शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही बाजूंच्या मुखांतून लघवीची चिळकांडी उडते का ते पाहायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. पोट उघडण्याच्या तुलनेत दुर्बिणीत लघवीच्या मार्गाला इजा जास्त होतात, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलेलं आहे, त्यामुळे ही पाच मिनिटं वाचवण्यात काही अर्थ नाही. ही तपासणी दर वेळी करणारा दवाखाना आमच्या मते एक पायरी वर. भाजलेली नळी मात्र त्या दिवशी ठीक चालते आणि सात ते चौदा दिवसांनी, पेशी मेल्यावर, फुटते. तोवर बाई घरी आलेली असते.

तेव्हा दिसतं ते असं: एका कुशीत ठणका, ताप, पोट फुगणं, मळमळ, किंवा योनीतून पाण्यासारखं सतत गळणं. ‘पांढरं जातंय, होतं असं’ म्हणून हे सोडून द्यायचं नाही. तपास सोपा आहे. मूत्राशयात निळं औषध भरून योनीत कापसाचा बोळा ठेवतात. बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला. नुसता ओला झाला, निळा नाही, तर संशय मूत्रवाहिनीवर. गळणाऱ्या पाण्यातलं क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ घटक) रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं तर ती लघवीच. मग सीटी स्कॅन आणि युरोलॉजिस्ट. काही जणींचं आत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक लवचीक नळी, ठेवून भागतं, काहींना नळी मूत्राशयात नव्याने जोडावी लागते. युरोलॉजिस्ट दवाखान्यात नसला तरी चालेल, पण बोलावला की किती वेळात येतो हे त्यांना ठाऊक असायला हवं.

मूत्राशयाची इजा जास्त करून आधी सिझेरियन झालेल्या बायकांत होते, कारण तिथे मूत्राशय पिशवीला चिकटून बसलेलं असतं. ती त्याच वेळी दिसून शिवली गेली तर सात ते चौदा दिवस लघवीची नळी ठेवावी लागते आणि प्रश्न मिटतो. न दिसलेली इजा पुढे कायम गळती लावते.

आतड्याची इजा विरळ, पण जिवावर बेतणारी. पोटात गॅस भरण्यासाठी पहिली सुई बेंबीतून जाते ती न पाहता. सुईचं टोक नीट पोटात असेल तर सुरुवातीचा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली दिसतो. जास्त दिसला तर गॅस भरत राहायचं नाही, सुई काढायची. बेंबीवरून आधीची उभी शस्त्रक्रिया झालेली असेल तर आतडं तिथेच चिकटलेलं असू शकतं. अशा वेळी डाव्या बरगडीखाली तीन सेंटिमीटरवरून शिरणं किंवा छोटा छेद घेऊन उघड्या डोळ्यांनी शिरणं सुरक्षित. ‘माझं आधी ऑपरेशन झालंय, तुम्ही कुठून शिरणार?’ हा प्रश्न बाईने जरूर विचारावा. दुसरं कारण उष्णता. दुर्बिणीच्या हत्यारावरचं प्लास्टिकचं आवरण धुऊन-धुऊन कुठे तडकलं असेल तर करंट तिथून निसटतो आणि पडद्याबाहेरचं आतडं भाजतो. कुणाला कळतही नाही.

यावर घरच्यांसाठी एकच नियम पुरेसा आहे: दुर्बिणीनंतर दुखणं रोज कमी व्हायला हवं. खांद्यात दुखतं ते पोटातल्या गॅसमुळे, दोन-तीन दिवसांत जातं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं, फुगलं, उलट्या झाल्या, नाडी जोरात चालू लागली, तर ताप नसला तरी त्याच रात्री दवाखान्यात. ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

तिसरी जागा म्हणजे योनीच्या वरच्या टोकाची शिवण. पिशवी काढल्यावर ते टोक शिवून बंद करतात. योनीमार्गे किंवा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीत ही शिवण उसवण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. करंटने कापलेल्या कडा भाजलेल्या असतात आणि पडदा सगळं मोठं करून दाखवतो, त्यामुळे टाका वाटतो त्यापेक्षा कडेला पडतो. भाजलेली कड सोडून, जवळजवळ एक सेंटिमीटर आतून, श्लेष्मपटल म्हणजे आतलं ओलसर अस्तर आणि त्याखालचा थर दोन्ही धरून टाका पडायला हवा. आणि घरी आठ आठवडे संबंध नाहीत. हे नवऱ्याला समोर बसवून सांगायची गोष्ट आहे. बऱ्याच ठिकाणी नर्स बाईच्या कानात पुटपुटते आणि विषय संपतो. एकाएकी रक्त किंवा पाणी गेलं, खाली काही आल्यासारखं वाटलं, तर तिथेच आडवं व्हायचं, काही आत ढकलायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

गाठींमुळे पिशवी मोठी असेल तर ती तुकडे करून बाहेर काढतात. गाठीसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीत लपलेला सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असू शकतो, असा अंदाज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. तो पोटात विखुरला तर आजार पसरतो. तुकडे पोटात घातलेल्या बंद प्लास्टिकच्या पिशवीतच करणार का, हे विचारून घ्या.

बिलातली सगळ्यांत फुगणारी ओळ हत्यारांची. रक्तवाहिनी करंटने दाबून जाळणारी बायपोलर हत्यारं आणि वेगवान कंपनांनी कापणारं हार्मोनिक दोन्ही उत्तम. हार्मोनिकचं पातं कंपन थांबल्यावरही काही क्षण तापलेलं राहतं, लगेच आतड्याला टेकवायचं नसतं. यांतली बरीच हत्यारं एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असतात, पण अनेक ठिकाणी निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात. नवीन हत्याराचे पैसे घेतले असतील तर त्याच्या वेष्टनावरचा बॅच नंबरचा स्टिकर फाइलला लागलेला असला पाहिजे. नसेल तर मागा.

तयारीत काय तपासावं? हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल आणि घाई नसेल तर आधी शिरेतून लोह देऊन ते वर आणावं. ७-८ वर टेबलावर घेऊन वर रक्त चढवणं ही वाईट सवय आहे. केस वस्तऱ्याने काढू नयेत, बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, मशिनने कापावेत. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आदल्या रात्री दहापासून घोटभरही नाही, हा जुना खाक्या. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम छेद घेण्याआधीच्या तासाभरात, शस्त्रक्रिया चार तासांवर गेली की पुन्हा एकदा. एवढं झालं की घरी सात दिवस अँटिबायोटिक गिळायची साध्या केसमध्ये गरज नसते. वजन जास्त, वय जास्त, आधी गुठळी झालेली, तर पायाचे मोजे आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचं इंजेक्शन यांचा विचार आधीच झालेला असावा.

बीजांडकोशांचा निर्णय वेगळा घ्यायचा असतो. ‘पिशवीबरोबर अंडाशयही काढून टाकू, कटकट नको’ असं सहज बोललं जातं. पाळी चालू असलेल्या, पंचेचाळिशीच्या आतल्या बाईचे दोन्ही बीजांडकोश विनाकारण काढले तर पाळी जाण्याचा त्रास एका रात्रीत सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नळ्या, म्हणजे बीजवाहिन्या, काढणं वेगळं: त्या काढल्याने बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो आणि हार्मोन तसेच राहतात. संमतिपत्रात ‘पिशवी’, ‘नळ्या’, ‘डावा बीजांडकोश’, ‘उजवा बीजांडकोश’ असे चार वेगळे शब्द लिहून घ्या, मराठीत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात ४४ वर्षांच्या रुग्णाने फक्त तपासणीच्या दुर्बिणीला संमती दिली होती. ती भुलेत असताना आईची सही घेऊन पिशवी आणि बीजांडकोश काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नसताना, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि शुद्धीत येऊन स्वतः सांगू शकणाऱ्या बाईऐवजी नातेवाइकाची सही चालत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

घरी आल्यावर सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही. पाण्याने भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा असतो, हे सासूबाईंना आणि पोरांना दोघांनाही सांगून ठेवावं. चालणं पहिल्या दिवसापासून. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथण्याचा जोर थेट शिवणीवर येतो. तीन-चार आठवडे तपकिरी डाग पडणं ठीक; तासाला एक पॅड भिजू लागलं तर लगेच जायचं. चौथ्या ते दहाव्या दिवसात ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं पाणी ही शिवणीजवळ साकळलेलं रक्त पिकल्याची खूण. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, यात सकाळची वाट पाहायची नाही. डिस्चार्ज कार्डावर रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर आहे का, हे घरी निघण्याआधी तपासा. कार्डावर फक्त ‘सात दिवसांनी टाके दाखवणे’ असेल तर सेवा अर्धीच झाली.

महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आधी वाचा. पिशवीच्या शस्त्रक्रियेला बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांची प्रतीक्षा असते आणि ते कॅशलेस नाकारल्यावर कळतं. फाइलची प्रत मागितली की ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यात शस्त्रक्रियेचं टिपण हवं: मूत्रवाहिनी दिसली का, चिळकांडी पाहिली का, किती रक्त गेलं, बीजांडकोश ठेवले का. जमलं तर व्हिडिओही घ्या.

काढलेली पिशवी नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवतात आणि तिथेच गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटतं. ती फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, आणि आठ-दहा दिवसांनी येणारा रिपोर्ट टाके दाखवायला जाल तेव्हा हातात घेऊन, ओळ न ओळ डॉक्टरांकडून समजून घ्या.